हाकेचं बटण

समोरच्या फ्लॅटमध्ये आता एक नवीन जोडपं भाड्याने राहायला आलंय. माणसं चांगली आहेत, पण त्यांनी टीव्हीच्या रिमोटला प्लास्टिकची पिशवी घातलीय आणि वर रबरबँड लावलाय. परवा चहाला गेले तेव्हा तो टीपॉयवर पडलेला दिसला आणि माझं चहात लक्षच लागेना. इथे आधी राहणाऱ्या गायधनी काकांनी याच खोलीत बसून मला एकदा विचारलं होतं, "मीनल, रिमोटला रेनकोट घालून तू त्याला पाठवणार आहेस तरी कुठे?" घरी येऊन मी मुकाट्याने पिशवी काढली होती. मुकाट्याने म्हणजे थोडं पुटपुटत, पण काढली होती.

काका ओझरच्या कारखान्यातून रिटायर झालेले. तिथे नेमकं काय करायचे ते त्यांनी कधी धड सांगितलं नाही. विचारलं की म्हणायचे, नोकरी ती नोकरी, खरं काम रिटायर झाल्यावर सुरू झालं. खरं काम म्हणजे त्यांची मागची बाल्कनी. ती काचा लावून बंद करून घेतली होती आणि तिच्यात एक टेबल, एक दिवा, उघडे पडलेले मोबाईल, पोट फाडलेले रेडिओ आणि दोरीवर वाळत घातल्यासारख्या वायरी. रविवारी गंगापूर रोडवरची माणसं मिसळ खायला बाहेर पडतात, तेव्हा काका एमजी रोडला सुटे भाग आणायला निघायचे. मिसळही खाऊन यायचे, पण ते काकूंना सांगायचं नसायचं. शर्टावरचा तर्रीचा डाग सांगायचा ते सांगून टाकायचा.

त्यांच्याकडे सल्ला मागितला तर मिळायचा, आणि नाही मागितला तर जास्त मिळायचा. मजल्यावर कुणीही नवी वस्तू आणली की समोरचं दार उघडलंच. पहिलं वाक्य ठरलेलं, "खोकं टाकू नका." वस्तू आज ना उद्या बिघडणार, परत पाठवायची झाली तर तिला घर नको का, असं त्यांचं म्हणणं. त्यांच्या माळ्यावर मरून गेलेल्या यंत्रांचीसुद्धा खोकी होती. नवीन मॉडेल घ्यायला त्यांचा सक्त विरोध होता. नवं मॉडेल म्हणजे नवरदेव, मांडवात सगळेच छान दिसतात, वर्षभराने विचारा कसा आहे ते. फोन रात्रभर चार्जिंगला लावलेला त्यांना खपायचा नाही. थोडी भूक ठेवून पानावरून उठावं, माणसाने आणि बॅटरीनेही, असं ते म्हणायचे आणि स्वतः मात्र काकूंच्या हातची पुरणपोळी असली की उठता उठायचे नाहीत. घरातल्या प्रत्येक चार्जरला दवाखान्यातली पांढरी चिकटपट्टी गुंडाळून त्यावर पेनाने नाव लिहिलेलं असायचं. एकावर 'राऊटर. हात लावू नये' असं होतं. दुसऱ्यावर 'कुणाचा ते माहीत नाही. टाकू नये.'

आणि दर रविवारी सकाळी सोसायटीच्या ग्रुपवर त्यांचा निरोप पडायचा, "आज रविवार. फोन झाडून घ्या." झाडून घ्या म्हणजे जुने फोटो, गुड मॉर्निंगची फुलं, ऐकून झालेले व्हॉइस मेसेज, सगळं काढून टाका. उंबऱ्यात आपण कचरा साठवत नाही, मग फोनमध्ये का साठवता, हा त्यांचा सवाल. स्वतःचा फोन ते इतका स्वच्छ ठेवायचे की त्यात काही आहे की नाही अशी शंका यावी. माझा फोन म्हणजे अडगळीची खोली. एकदा त्यांनी तो हातात घेतला, वरखाली करून पाहिला आणि एखाद्या डॉक्टरने नातेवाइकांना बाजूला घ्यावं तसा चेहरा करून परत दिला. मला राग आला होता. माझा फोन आहे, मी त्यात हत्ती बांधीन, तुम्हाला काय करायचंय?

पण यंत्र दुरुस्त करायला बसले की हाच बडबड्या माणूस एकदम गप्प व्हायचा. माझा मिक्सर बिघडला तेव्हाचं आठवतं. मी दारातूनच सुरू केलं, असा आवाज येतो, मग असा वास येतो, बहुतेक मोटार गेलीय. त्यांनी बोट ओठावर ठेवलं. मिक्सर चालू केला, मान तिरकी करून कान जवळ नेला, डोळे मिटले आणि बसून राहिले. बंद केला, परत चालू केला, परत ऐकलं. मग म्हणाले, "काय झालंय ते तोच सांगतो. आपण मध्ये बोलायचं नाही, एवढंच."

त्यावर स्वयंपाकघरातून शैलाकाकूंचा आवाज आला, "मिक्सरचं ऐकतात, फ्रीजचं ऐकतात. माझं सोडून सगळ्यांचं ऐकतात."

काकूंचा आवाज म्हणजे मोकळा, खणखणीत. त्यांनी पापडाला हाक मारली तर तो आपण होऊन वाळेल असा. त्या दिवसभर 'अहो' म्हणत असायच्या. अहो दूध आलंय, अहो पोळ्या झाल्यात, अहो त्या दिव्याखाली डोळे जातील. पण काका बाल्कनीत कानाला हेडफोन लावून बसलेले, त्यांना ढिम्म ऐकू यायचं नाही. शेवटी काकूंनी एक युक्ती काढली. ओट्यापाशी उभं राहून त्या बाल्कनीतल्या काकांना व्हॉइस मेसेज करायच्या. एकाच घरात! मी हसले तर म्हणाल्या, अगं हेडफोनमधून गेलं की लगेच जातं डोक्यात. काका ते मेसेज ऐकायचे, पोळ्या गरम असताना जेवायचे आणि रविवारी झाडूनही टाकायचे.

आप्प्यांची गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. एखादी वस्तू उघडली की तिचे स्क्रू कुठल्या कोपऱ्यातले कुठले हे कळावं म्हणून काका ते काकूंच्या आप्पेपात्रात ठेवायचे. प्रत्येक खळग्यात एका जागचे स्क्रू. सोय उत्तम. एका सकाळी काकूंनी मला बशीभर गरम आप्पे पाठवले आणि तिसऱ्या आप्प्यात माझ्या दाताखाली कचकन काहीतरी आलं. मी तणतणत समोर गेले, तळहातावर तो स्क्रू. काकांनी चष्मा कपाळावर सरकवला, स्क्रू उजेडात धरला आणि त्यांचा चेहरा असा काही उजळला की विचारू नका. म्हणाले, कालपासून शोधतोय गं हा. दाताचं काकूंनी विचारलं. दुसऱ्याच दिवशी घरात नवं आप्पेपात्र आलं. जुन्याच्या दांडीवर चिकटपट्टी लागली, 'स्क्रूसाठी', आणि नव्याच्या दांडीवर 'पोटासाठी'.

दोन वर्षांपूर्वीच्या थंडीत काकूंना झटका आला. सकाळी चहा गाळताना गाळणी हातातून पडली आणि पाठोपाठ त्याही. दवाखान्यातून घरी आल्या तेव्हा उजवी बाजू लुळी होती आणि वाचा गेली होती. समजायचं सगळं. मी काही बोलले की डोळे माझ्याकडे वळायचे, हसू यायचं ते डाव्या गालावर यायचं, पण ओठातून नुसता वारा. तो आवाज या घरातून जाईल असं माझ्या कधी मनातही आलं नव्हतं. त्या दिवशी घरी येऊन मी रडले, नाही कशाला म्हणू.

डॉक्टरांनी काकांना स्पष्ट सांगितलं होतं. बोलणं परत येईल की नाही ते सांगता येत नाही, पण त्यांनी खुणेने, आवाजाने, कसंही करून काहीतरी सांगत राहिलं पाहिजे. त्यांनी सांगणंच सोडून दिलं तर त्या मिटत जातील. पुण्याहून त्यांची मुलगी नेहा आली होती, तिने ते ऐकून वडिलांकडे पाहिलं. काका फक्त बरं म्हणाले आणि बाल्कनीत गेले.

चार-आठ दिवसांत पेटी तयार झाली. डाव्या हाताने दाबता येतील अशी मोठी बटणं, प्रत्येकावर चित्र. पाणी, चहा, पंखा, दुखतंय, कूस बदला, उजेड नको. बटण दाबलं की आत रेकॉर्ड केलेलं वाक्य ऐकू यायचं, "मला पाणी हवं आहे." आवाज काकांचा. काकूंनी एकदा पेटीकडे पाहिलं, एकदा नवऱ्याकडे पाहिलं आणि डाव्या हाताने ती बाजूला सारली.

काकांना वाटलं बटणं कडक आहेत. त्यांनी ती बदलली. मग वाटलं आवाज पुरुषाचा आहे म्हणून असेल, तर त्यांनी कॉम्प्युटरमधला बाईचा आवाज घातला. आता पेटी बँकेच्या फोनसारखी बोलायला लागली. काकूंनी डोळे मिटून घेतले. मग चित्रं बदलली, पेटी लहान केली, परत मोठी केली. काकू दिवसेंदिवस भिंतीकडे तोंड करून पडायला लागल्या. जेवण दोन घासांवर आलं. ग्रुपवर रविवारचा निरोप येईनासा झाला, कुणाच्या दारात खोकं दिसलं तरी समोरचं दार उघडेना. ज्या सल्ल्यांनी मी वैतागायचे, त्यांची मी वाट पाहायला लागले.

काकू एकच गोष्ट करायच्या. डाव्या हाताने चमचा घेऊन पलंगाच्या लोखंडी दांडीवर टकटक वाजवायच्या. काका धावत यायचे. पाणी का? पंखा का? दुखतंय का? एकेका बटणावर बोट ठेवून विचारायचे. काकू मान हलवायच्या, नाही, नाही. काका थकून बाल्कनीत जायचे की परत टकटक. एका दुपारी मी तिथेच होते. काकांचा धीर सुटला. चिडले नाहीत, नुसते पलंगाशेजारच्या खुर्चीत बसले. टकटक थांबली. थोड्या वेळाने ते उठून आत गेले. टकटक सुरू झाली. परत येऊन बसले. थांबली.

मग त्यांनी मान तिरकी केली आणि डोळे मिटले. मिक्सरपाशी बसले होते ना, तसे. उठले तेव्हा मला हाताला धरून दारापर्यंत घेऊन आले.

"तिला काही नकोय गं," ते म्हणाले. "ती हाक मारतेय. एवढी बटणं केली मी, आणि हाकेचं बटणच केलं नाही."

मग म्हणाले, चाळीस वर्षं ती 'अहो' म्हटल्याशिवाय माझ्याशी एक वाक्य बोललेली नाही. आधी अहो, मग पाणी. तो मला शब्दच वाटला नाही कधी. दाराच्या घंटेसारखा, ऐकू आला न आला. आणि मग त्यांनी खिशातून आपला तो लखलखीत फोन काढला आणि माझ्यापुढे धरला. आत काकूंचा एकही मेसेज नव्हता, आणि काकूंचा फोनही तेच झाडायचे. दर रविवारी, न चुकता.

"तुझ्या फोनमध्ये तिचं काही आहे का?" त्यांनी विचारलं. विचारताना मान खाली होती.

होतं. ढीगभर होतं. मी काही म्हणजे काहीच झाडलं नव्हतं. ते कळल्यावर काका भिंतीला टेकले आणि म्हणाले, "बरं झालं, माझं ऐकलं नाहीस."

दुपारभर आम्ही माझ्या स्वयंपाकघरात बसून काकूंचा आवाज ऐकला. भाजीवाल्याची तक्रार होती, भद्रकालीत मेथी कुठे चांगली मिळते ते होतं, माझ्या सासूबाईंशी कसं बोलावं याबद्दल पुष्कळ होतं आणि ते सगळं काकांच्या पुढ्यात वाजलं. पण मला त्या 'अहो' कशाला म्हणतील? प्रत्येक मेसेज 'अगं'नेच सुरू व्हायचा. अगं ऐक, अगं बाई, अगं मीनल. काका प्रत्येक वेळी पुढे वाकायचे आणि प्रत्येक वेळी मागे टेकायचे. चहा दोनदा झाला. मला तर वाटायला लागलं, आता फोनमधले मेसेज संपतील आणि या माणसाला मी काय सांगू.

मग पापडांचा मेसेज आला. काकू सांगत होत्या, "अगं, नागलीचं पीठ नुसतं मळून नाही चालत, उकड काढायला लागते, त्यात... थांब हं जरा. अहो! अहो, तो कुकर बंद करा, किती शिट्ट्या होऊ देताय?" आणि त्या पहिल्या 'अहो'ला लागूनच मागे कुकरची शिट्टी, लांबलचक.

काकांनी फोन माझ्या हातातून काढून घेतला. परत लावला. परत लावला. त्यांचे डोळे भरून वाहत होते आणि ते पुसायचं त्यांच्या लक्षात नव्हतं. मग एकदम भानावर येऊन म्हणाले, ही शिट्टी काढता येईल.

ती त्यांनी काढली. पण शिट्टी पुसताना काकूंचा आवाजही घासला गेला, माठात तोंड घालून बोलल्यासारखा झाला. दोन दिवस खटपट करून त्यांनी मला बोलावलं आणि सांगितलं की शिट्टी राहू दे. तिचा आवाज कधी शिट्टीशिवाय ऐकलाय का आपण?

नव्या पेटीला एकच बटण होतं, लाल, तळहाताएवढं. काकांनी ती काकूंच्या डाव्या हाताखाली ठेवली, काही समजावलं नाही, चालत बाल्कनीत गेले आणि पाठ करून बसले. काकूंनी बराच वेळ हात हलवला नाही. मग दाबलं. "अहो!" आणि कुकरची शिट्टी. काकू दचकल्या. स्वतःचाच आवाज, किती महिन्यांनी. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. बाल्कनीतून काका म्हणाले, "आलो गं," आणि आले. काकूंनी डाव्या हाताने त्यांचा शर्ट धरला आणि खांद्यापाशी बोट नेलं. शर्ट उलटा घातलेला होता. सकाळपासून.

त्यानंतर त्या घराला जीव आला. काकू सकाळपासून बटण दाबायच्या. अहो, शिट्टी. आलो गं. एकदा ते आले की नजरेने, हाताने, भुवईने पुढचं सगळं सांगून व्हायचं आणि काकांना ते कळायचंही. आता ते मध्ये बोलत नव्हते ना. पुष्कळदा सांगायचं काहीच नसायचं. काका यायचे, समोर बसायचे, हेडफोन गळ्यात. जेवण दोन घासांवरून पोळीवर आलं, मग भाकरीवर. खालच्या मजल्यावरून विचारणा झाली की तुमच्याकडे दिवसभर शिजतं तरी काय. कामाला नव्याने लागलेल्या ताराबाई पहिल्या दिवशी दोनदा स्वयंपाकघरात गॅस बंद करायला धावल्या. "कुकर तर कुठं दिसत नाय," त्या मला म्हणाल्या, "पण शिट्टी लय जोरात होते बघा." ग्रुपवर रविवारचा निरोप परत आला. आता त्यात एक ओळ वाढली होती. "फोन झाडून घ्या. घरच्यांचे आवाज ठेवा."

तरी काकांचं वय होतंच. काकूंना उचलताना त्यांच्या कमरेत लचक भरली आणि नेहाने ऐकायचं नाही असं ठरवलं. बाबा, तुम्ही दोघं आता पुण्याला या. काका नाही म्हणत होते, मग एका सकाळी हो म्हणाले. यंदाच्या उन्हाळ्यात, द्राक्षांचा हंगाम संपता संपता, टेम्पो आला.

सामान बांधायला मी गेले होते. काकांनी माळ्यावरून एकेक खोकं उतरवलं आणि प्रत्येक वस्तू आपापल्या खोक्यात गेली, थर्माकोलसकट. प्रत्येक खोक्यागणिक त्यांनी माझ्याकडे पाहिलं. काही म्हणाले नाहीत, पण ते पाहणं पुरेसं होतं. लाल बटणाच्या पेटीला मात्र खोकं नव्हतं, ती घरी बनवलेली. तिला त्यांनी माझ्या मिक्सरचं खोकं मागितलं. मी ते टाकलं नव्हतं, हे मी मुद्दाम सांगतेय. त्यावर चिकटपट्टी लावून त्यांनी लिहिलं, 'शैला. वर ठेवावे. लगेच लागेल.' टेम्पोवाल्यांनी ते सगळ्यांच्या खाली ठेवलं आणि वर फ्रीज चढवला. कळलं तेव्हा दोर आवळून झाले होते.

काकूंना आम्ही गाडीत बसवलं, खिडकीशी. नेहा पुढे बसली. काका परत वर गेले, घरातली सगळी बटणं बंद आहेत का ते बघायला. ही त्यांची सवय मला ठाऊक होती. एकदा बघायचं, दार लावायचं, मग दार उघडून परत बघायचं. आम्ही खाली उभे. ऊन चढत होतं. काकूंचा डावा हात मांडीवर चाचपडायला लागला, सीटवर गेला, परत मांडीवर आला. त्यांना पेटी हवी होती. मी खिडकीत वाकून सांगितलं, काकू, ती टेम्पोत आहे, काका येतातच आता. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग जिन्याकडे. वरच्या मजल्यावर दार लागल्याचा आवाज आला. परत उघडल्याचा आला.

काकूंनी श्वास घेतला. गळ्याची शीर वर आली.

"अ... हो."

जाड, ओला, अर्धा सांडलेला असा तो आवाज होता, पण होता. जिन्यातून काकांचं नेहमीचं उत्तर आलं, "आलो गं," आणि पायऱ्यांवर चपलांचा आवाज सुरू झाला. तो मधेच थांबला. मग काका सावकाश, कठड्याला धरून, खाली आले. आधी त्यांनी टेम्पोकडे पाहिलं. फ्रीजखाली मिक्सरचं खोकं जसंच्या तसं बांधलेलं होतं.

"शिट्टी नव्हती," ते मला म्हणाले.

नेहा रडत दार उघडून उतरायला लागली, मीही काहीतरी बोलायला तोंड उघडलं. काकांनी बोट ओठावर ठेवलं. ते गाडीपाशी गेले, कंबर दुखत असताना वाकले, मान तिरकी करून कान खिडकीशी नेला आणि डोळे मिटून थांबून राहिले.